मनोहररावांचे चुलतभाऊ

आमच्या इमारतीत मनोहरराव मोहित्यांइतके नातेवाईक दुसऱ्या कोणालाच नाहीत. विदर्भाचा नकाशा घ्या, डोळे मिटून कुठेही बोट ठेवा, तिथे मोहित्यांचा माणूस निघणारच. वरुडला मावसभाऊ, पुसदला भाचजावई, आर्वीला आत्याचे दीर. आणि झाडून सगळ्यांची तब्येत बिघडलेली. धडधाकट नातेवाईक मोहित्यांकडे कधी आलाच नाही. येणारा माणूस काखेत एक्स-रेची मोठी पिशवी धरूनच येणार, मागे बायको, बायकोच्या एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेली चादर.

माझं झेरॉक्सचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, मोहित्यांच्या बरोबर समोर. त्यामुळे त्यांचा हा गोतावळा मला खालीही दिसतो आणि वरही. पन्नाशी उलटली तरी अख्खी गल्ली मला विक्की म्हणते, आणि विक्कीने पोक्तपणे वागावं अशी कोणाची अपेक्षा नसते. मी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतो.

"काका, हे कोण आले?" मी दुकानातूनच विचारायचो.

"साडू."

"साडू तर मागच्या आठवड्यात येऊन गेले ना?"

"ते थोरले. हे धाकटे."

"आणि त्याच्या आधी ते भद्रावतीचे?"

"ते मधले. तू झेरॉक्स काढ गा, झेरॉक्स!"

खरी गोष्ट मला ठाऊक होती. निम्मे साडू तर मीच वर पाठवलेले. दुकानात रिपोर्टच्या प्रती काढायला माणूस यायचा आणि हळूच विचारायचा, "भाऊ, इकडे कुठं राहाची सोय होईन का? लॉजवाले लय सांगून राह्यले." आमच्या धंतोलीत आता प्रत्येक तिसऱ्या दारावर दवाखान्याची पाटी आहे. पेशंटला खाट मिळते, पेशंटच्या माणसाला फूटपाथ. मी वर बोट दाखवायचो. मोहित्यांच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली पाहुण्यांना. लॉजच्या निम्म्या भाड्यात खोली, काकूंच्या हातचं गरम जेवण आणि पेशंटसाठी मऊ खिचडी. स्वतः नवरा-बायको पुढच्या खोलीत, काकू दिवाणावर आणि काका खाली.

ही हौस नव्हती. मनोहरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सगळी उमेदीची वर्षं कंपनीच्या बसमध्ये मान टाकून झोपण्यात गेली. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. फंडाचे पैसे काही मुलाच्या, ऋषिकेशच्या, शिक्षणात गेले आणि उरलेले वच्छलाकाकूंच्या हृदयातल्या स्टेंटमध्ये. पेन्शन येते, नाही असं नाही. सोसायटीचा मेंटेनन्स आणि उन्हाळ्यातलं कूलरचं बिल भरलं की ती संपते. त्यानंतर महिना उरतो, गोळ्या उरतात, आणि जेवायचंही असतं. ऋषिकेश पुण्याला. त्याच्या घराचा हप्ता इतका, की तो दर रविवारी फोन करतो हीच त्याची मदत समजायची. "फ्लॅट विका आणि इकडे या," तो म्हणतो. एकदा दोघं गेलेही होते. नातवाच्या खोलीत गादी टाकून चार महिने काढले आणि परत आले. काय झालं ते काकांनी सांगितलं नाही, आणि मी, जो कुठल्याही घरातलं काहीही काढून घेऊ शकतो, त्या मलाही ते काढता आलं नाही.

मग हे नातेवाईकांचं सोंग कशाला? तर शोभाताईंसाठी. शोभाताई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर एकाने असेच पेशंटचे लोक ठेवले होते. त्यांनी शेगडी चालू ठेवली आणि दवाखान्यात निघून गेले. पडदे पेटले. तेव्हापासून ठराव झाला: इमारतीत रोजच्या भाड्याने कोणाला ठेवायचं नाही. नातेवाईक चालतील.

ठरावातल्या त्या शेवटच्या दोन शब्दांवर मनोहररावांनी आपला संसार उभा केला.

नवा पाहुणा आला की आधी काका त्याला माझ्या दुकानात बसवून नातं पढवायचे. "तुम्ही माझ्या मावशीचे जावई. समजलं? मावशीचं नाव गोदावरी." बिचारा माणूस आतड्याच्या ऑपरेशनच्या चिंतेत, आणि त्याला गोदावरी मावशी पाठ करावी लागे. सुरुवातीला काकांनी बहुतेक पाहुणे बायकोच्या माहेरी खपवले. शेवटी एक दिवस काकू जिन्यातच कडाडल्या.

"माझ्या बापाले पोरी दोन! तुम्ही सात करून ठेवल्या. गावभर बदनाम करून राहिले त्यांले!"

"अगं, हळू बोल."

"काहून हळू? तुमच्या बापाले नाही का भाऊ? तिकडचे दाखवा ना आता!"

काकांनी ऐकलं. साडू बंद झाले आणि चुलतभाऊ सुरू झाले. इथेच सगळं फसलं, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानात यावं?

गेल्या पावसाळ्यात दारव्ह्याकडून पुंडलिकराव आले. उंच, कमरेत वाकलेले, बोलणं कमी. बरोबर त्यांची बायको, यमुताई. ऑपरेशनच्या आधी ते दोन दिवस वर राहिले. जिन्यात शोभाताई भेटल्या. काकांनी तोऱ्यात ओळख करून दिली, "माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या भाऊकीत आता हाच मोठा." शोभाताई संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन वर गेल्या. "आजारी माणसाला तोंडाला चव येते," म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, पण पुंडलिकराव उठले नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे, मग अतिदक्षता विभाग. यमुताई सकाळी डबा घेऊन जायच्या आणि दुपारी तोच डबा भरलेला परत आणायच्या. रिकामा वेळ खायला उठू नये म्हणून काकूंच्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलायच्या, तांदूळ निवडायच्या. हळूहळू दोघी एकमेकींना 'तू' म्हणायला लागल्या. काकूंनी खोलीचं भाडं घेणं बंद केलं, आणि काकांनी ते चालवून घेतलं. त्या दिवसांत काका स्वतःचीच रक्तदाबाची गोळी एकाआड एक दिवस घेत होते, हे मला औषधाच्या दुकानदाराकडून कळलं.

गणपतीला दोन दिवस असताना पुंडलिकराव गेले. गावाहून मुलगा गाडी घेऊन आला आणि दवाखान्यातूनच त्यांना घेऊन निघाला. यमुताई फक्त पिशवी घ्यायला वर आल्या. जिन्यात काकूंच्या गळ्यात पडून त्या असा हंबरडा फोडून रडल्या की चारही मजल्यांची दारं उघडली.

आणि आमची इमारत शेजारधर्माला जागणारी! संध्याकाळी शोभाताई पाच-सहा बायकांना घेऊन मोहित्यांकडे भेटायला हजर. माझी बायको दिपाली त्यात होती, आणि बायकांच्या मागे चपलांपाशी मी. काकू भिंतीला टेकून रडत होत्या. ते रडणं खरंच होतं. काका मात्र खुर्चीत असे बसले होते, जसा गृहपाठ न केलेला पोरगा.

"सख्खे चुलतभाऊ ना हो?" शोभाताईंनी विचारलं.

"हो... म्हणजे... आजोबा एक."

"मग दहा दिवस पूर्ण सुतक. यंदा गणपतीची पहिली आरती तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला सांगते. वाईट वाटून घेऊ नका." मग काकूंकडे वळून, हळू आवाजात: "आणि वच्छलाबाई, यंदा तुमच्या महालक्ष्म्या राहिल्या."

काकूंचं रडणं तिथेच थांबलं. त्यांनी मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. मी आजवर बायकोच्या खूप नजरा खाल्ल्या आहेत, पण ती नजर माझ्याकडे नव्हती याचं मला बरं वाटलं.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, हा काकूंचा वर्षाचा सण. सासूने हातात दिलेले पितळी मुखवटे, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही. स्टेंट बसवल्यावरही खुर्चीत बसून पुरण वाटलेली बाई ती.

बायका गेल्यावर मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, मामेभाऊ म्हणाला असतात तर तीन दिवसांत सुटला असतात. चुलतभाऊ काहून केला? आता दहाव्याला मिशीही उतरवावी लागते."

काकांचा हात आपसूक मिशीवर गेला. "गप राह्य गा, विक्की," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा रागही नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोट्या सुतकाने खरा दणका दिला. नरखेडकडचं एक जोडपं मी पाठवलं होतं. नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबली.

"वॉचमन सांगून राह्यला, वरच्या घरी मयत झाली म्हणून. सुतकाच्या घरातून माणसाले ऑपरेशनले कसं न्याव जी?"

काका खाली आले आणि कुजबुजले, "बाई, सुतक नाही हो. या तुम्ही."

"मंग तो वॉचमन काहून म्हणते?"

तेवढ्यात गणपतीच्या मखराचा पुठ्ठा घेऊन शोभाताई मागे येऊन उभ्या. "काय झालं, मोहिते?"

काकांनी एकदा त्या बाईकडे बघितलं, एकदा शोभाताईंकडे. "काही नाही," ते म्हणाले. "सुतक आहे, तेच सांगून राहिलो होतो."

जोडपं लॉजवर गेलं. पुढच्या चार दिवसांत आणखी तिघं आले आणि तसेच गेले. नातेवाईक म्हणवून घ्यावं तर सुतक आडवं येतं, सुतक नाही म्हणावं तर नातं तुटतं आणि त्याबरोबर खोलीही बंद. असा पेच कारखान्याच्या स्टोअरमध्ये काकांना कधी पडला नसेल.

महालक्ष्म्यांच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दाराआडून भांडण ऐकू आलं. मी कान लावला नव्हता. आमची दारं समोरासमोर आहेत आणि माझे कान चांगले आहेत, त्याला काय करायचं?

"महालक्ष्म्या बसतील," काकू.

"बसवल्या तर शोभाताईले काय सांगू? सुतकात देव बसवले म्हणून? का सुतकच नाही म्हणून? मग उद्यापासून पाहुणे बंद. तुझ्या गोळ्या कुठून येतील? पुन्हा पुण्याले जायचं का नातवाच्या खोलीत?"

आतून पेटीची कडी काढल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "मी दार लावून बसवते. कोणाले कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला खूण करून आत बोलावलं. सगळं ठाऊक असलेला मी एकटाच. दिपाली माहेरी अमरावतीला गेलेली, तिच्या आईच्या महालक्ष्म्यांना. महालक्ष्म्या एरवी उंबऱ्यातून येतात, थाळी वाजवत, रांगोळीच्या पावलांवरून. पण उंबरा म्हणजे जिना, आणि जिना म्हणजे अख्खी इमारत. म्हणून यंदा त्या गॅलरीच्या दारातून आल्या, वाळत घातलेल्या टॉवेलांखालून वाकून. एक मुखवटा काकूंच्या हातात, एक काकांच्या. थाळी वाजवायचं काम माझं, पण काकूंनी थाळीखाली नॅपकिन ठेवायला लावला. मी चमचा मारला की फक्त 'थप्प' व्हायचं.

"काकू, तिसऱ्या मजल्यावर गॅलरीतून यायचं म्हणजे देवींनाही शिडी लागली असेल," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. काकू मुखवटा छातीशी धरून पुढे गेल्या. आरती तिघांनी ओठांतल्या ओठांत म्हटली. खालून गणपतीच्या मांडवातला लाऊडस्पीकर मोकळ्या गळ्याने गात होता.

जेवणाच्या दिवशी पुरणाचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून काकांनी दाराखालच्या फटीत ओली गोणी दाबली. काकू पहाटेपासून उभ्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणाच्या पोळ्या. दुपारी त्यांनी नैवेद्य दाखवला आणि सवाष्णीचं पान मांडलं. पाट, भोवती रांगोळी, केळीचं पान, त्यावर सगळं जिथल्या तिथे वाढलेलं. सवाष्ण जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. आणि या घरची सवाष्ण कितीतरी वर्षांपासून एकच, शोभाताई.

"तू स्वतःच बस त्या पाटावर," काका म्हणाले. "तूही सवाष्णच आहेस."

"मी घरची."

"मग विक्कीले बसव."

"मिशा आहेत काका मला," मी म्हणालो.

काकूंनी पानाकडे बघितलं. पोळीवरचं तूप थिजायला लागलं होतं. त्या उठल्या, हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायाने गोणी बाजूला सारून दार उघडलं.

"वच्छला, कुठं चालली?"

"सवाष्ण बोलवायले."

काका उठून दारापर्यंत गेले, पण त्यांनी काकूंचा हात धरला नाही. मी कठड्यावरून वाकलो. खाली दुसऱ्या मजल्यावर बेल वाजली.

"शोभाताई, जेवायले या. पान वाढलं आहे."

"अहो, सुतकात?"

"सुतक नाही आमच्याकडे. पुंडलिकराव आमचे कोणी नव्हते. त्याच्या आधीचेही कोणी नव्हते. सगळे पैसे देऊन राहत होते. आता या, अन्न थंड होऊन राहिलं."

खाली मांडवातल्या लाऊडस्पीकरवर एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. मग शोभाताईंचा आवाज आला, "साडी बदलून येते."

त्या आल्या. पाटावर बसल्या. नेहमीसारख्या जेवल्या, कढी दोनदा मागून घेतली. काकूंनी ओटी भरली, कुंकू लावलं आणि पायांना हात लावला. शोभाताईंनी त्यांचे दोन्ही खांदे धरून उठवलं आणि देवीपुढे डोकं टेकलं. काका भिंतीशी उभे होते. कोणीतरी गंमत करायला हवी होती, आणि माझ्या डोक्यात एकही येत नव्हती.

चपला घालताना शोभाताई म्हणाल्या, "मोहिते, मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर चालू दिलं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "नसतं दिलं. पडदे पेटले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला मी पाठीवर घेऊन उतरवलंय. रविवारी मीटिंग आहे. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोलायले आम्ही होतो ना," काका म्हणाले. त्यात टोमणा होता की काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

रविवारी मीटिंग झाली. मी उठून मोहित्यांच्या बाजूने भाषण ठोकलं, दोन-चार कोट्या केल्या, लोक हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी ठराव कायम ठेवला. करार करून अख्खा फ्लॅट भाड्याने द्यायला मात्र कोणाची हरकत नव्हती. शोभाताईंनीच पुढच्या आठवड्यात भाडेकरू शोधून आणला. जवळच्याच दवाखान्यातला तरुण डॉक्टर, त्याची बायकोही डॉक्टर. धंतोलीचं भाडं काय असतं ते ऐकून काकांनी आकडा दोनदा विचारून घेतला. तेवढ्या पैशात शहराबाहेर कन्हानला दोन खोल्या, दोघांचं खाणं, औषधं, सगळं बसत होतं. इथे राहिलं तर उपाशी आणि निघून गेलं तर पोटभर, असा हिशेब. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याचं कन्हानला घर होतं, त्याने वरच्या खोल्या दिल्या.

दिवाळी झाल्यावर ते गेले. काकू टेम्पोत पुढे बसल्या, मांडीवर मुखवट्यांची पेटी. नवऱ्याशी त्या महिनाभर जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. की तेच त्यांच्याशी? माझ्यासारख्यालाही हे नीट कळलं नाही.

काकूंची तपासणी मात्र अजून धंतोलीतच होते, डॉक्टर बदलायला त्या तयार नाहीत. महिन्यातून एकदा दोघं कन्हानहून बसने येतात, सकाळी रक्त देतात आणि रिपोर्ट मिळेपर्यंत माझ्या दुकानात स्टुलावर बसतात. मी चहा मागवतो.

परवाही आले होते. काकूंना उन्हाचा त्रास झालेला, डोळे मिटून भिंतीला टेकलेल्या. पाय सुजले होते म्हणून चपला काढून ठेवलेल्या.

"काका, कन्हानला कोण कोण नातेवाईक सापडले?" मी नेहमीच्या सुरात विचारलं.

"तिथं कोणी विचारतच नाही गा," काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा भाडेकरू डॉक्टर कसल्या तरी प्रती काढायला आला. पोरगा चांगला आहे. काकूंकडे बघून त्याचा चेहरा पडला. "अरे काकू, इथे का बसलात? वर चला ना. कूलर चालू आहे, जरा पडा. मी आत्ता कुलूप काढून देतो."

काकूंनी डोळे उघडले. त्या क्षणभर जिन्याकडे बघत राहिल्या, मग वाकून चपला शोधू लागल्या. मला वाटलं, वर चालल्या.

"नको रे बाबा," चपलेत पाय घालत त्या म्हणाल्या. "आम्हाले निघायचंच आहे. उशीर होऊन राहिला."

काकांनी लगेच पिशवी उचलली. दोघं रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर गेली आणि दवाखान्याच्या कुंपणाशी, पेशंटचे लोक बसतात त्या कट्ट्यावर, जागा करून बसली. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता.